पट्टीवरचा लाल ठिपका

माझ्या थोरल्या भावाला आमची सगळी गल्ली पंचनामे म्हणते. ते आमचं आडनाव नव्हे. दारात आलेल्या माणसाला 'या, बसा' म्हणायच्या आत जो माणूस तुम्ही कुठून आलात, कुणी पाठवलं, मागच्या खेपेला आला होता तो आज का नाही आला, असे तीन प्रश्न विचारतो, त्याला लोकांनी दुसरं म्हणायचं तरी काय? पोस्टमन नवा दिसला तर दादा पत्र हातात घ्यायच्या आधी जुन्या पोस्टमनची तब्येत विचारतो. त्यात काळजी नसते, परीक्षा असते.

हा स्वभाव काही तो जन्माला येताना घेऊन आला नव्हता. पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात तो तेहेतीस वर्षं स्टोअरकीपर होता. नोकरीच्या चौथ्या वर्षी कुणीतरी नव्या बेअरिंगांच्या खोक्यांवरची स्टिकरं अलगद सोलली, झिजक्या बेअरिंगांच्या खोक्यांवर चिकटवली आणि नवी बेअरिंगं पळवली. मोजणीत सगळं बरोबर, पंप मात्र आठवड्याभरात बंद पडायला लागले. दादाला साहेबांच्या केबिनमध्ये तीन दिवस उभं करून विचारपूस झाली. खरा चोर पुढे सापडला. पण त्या तीन दिवसांत कँटीनमध्ये दादाच्या टेबलावर जेवायला कुणी बसलं नाही, हे तो आजही विसरलेला नाही. तेव्हापासून छापील नंबरावर आणि चिकटवलेल्या कागदावर त्याने विश्वास ठेवणं सोडलं. प्रत्येक मालावर स्वतःच्या हाताने लाल रंगाचा बारीक ठिपका द्यायचा, आणि तोही अशा जागी की ज्याला ठाऊक आहे त्यालाच दिसावा, अशी त्याची रीत पडली.

निवृत्त झाल्यावर रंगाच्या डब्याची जागा माझ्या लेकीच्या नेलपॉलिशने घेतली. गडद डाळिंबी रंगाची बाटली, जी तिने एकदाच लावली आणि 'म्हाताऱ्या बायकांसारखा रंग आहे' म्हणून टाकून दिली. इस्त्री दुरुस्तीला गेली की मुठीच्या आत ठिपका. घड्याळ गेलं की पट्ट्याखाली ठिपका. छत्रीच्या तर काडीला. परत आल्यावर दादा भिंग लावून ठिपका बघायचा, मान हलवायचा आणि मगच वस्तू कपाटात जायची. मी एकदा म्हटलं की इतक्या वर्षांत एकही वस्तू बदलून आलेली नाही. तर म्हणतो कसा, "खूण असते म्हणून नाही आली." याच्याशी वाद घालणारा माणूस अजून जन्मायचाय.

घरात मात्र त्याने कधी कशावर खूण केली नाही. ते भिंगसुद्धा स्वयंपाकघरातल्या फळीवर उघडं पडलेलं असायचं, मी औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचायला घ्यायचे, कुठेही ठेवायचे. मी विचारलं होतं त्याला एकदा, चेष्टेत, की बाबा, आमची परीक्षा कधी? तो मात्र चेष्टेत बोलला नाही. म्हणाला, घरच्या माणसांसाठी खूण करायची वेळ आली तर त्याला घर कशाला म्हणायचं.

आता माझं सांगते, कारण पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे. माझ्या नवऱ्याची नोकरी गेली ते त्यांनी मला आठ महिने कळू दिलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, दिवसभर बागेत बसायचे आणि संध्याकाळी ऑफिसच्या गप्पा सांगायचे. मग एक दिवस डबा घेऊन गेले ते आलेच नाहीत. लेक तेव्हा चार वर्षांची. दादा आला, त्याने दोन ट्रंका उचलल्या आणि आम्हा दोघींना आपल्या घरी आणलं. त्याने लग्न केलं नाही. लेकीच्या शाळेच्या अर्जावर पालक म्हणून त्याचीच सही असायची. तेव्हा आमच्या घरात दादाच्या संशयाला नावं ठेवायचा अधिकार निदान मला तरी नव्हता.

ती लेक, जिला दादा लाडाने ठमी म्हणतो, आता डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढते. तिथले कॉम्प्युटर बघायला एक मुलगा यायचा. मुलगा म्हणजे तिशीचा, कमी बोलणारा, नेहमी बाह्या दुमडलेला. एक दिवस ठमीने जेवताना सरळ सांगितलं की मला याच्याशी लग्न करायचंय, आणि पुढच्या वर्षी तो लांबच्या गावी स्वतःचं दुकान टाकणार आहे, तिकडे आम्ही जाऊ. मग मामाकडे बघून म्हणाली, "पण तू हो म्हणालास तरच."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. मुलगा वाईट आहे असं वाटलं म्हणून नव्हे. लांबचं गाव, एवढंच मला ऐकू आलं होतं.

दादाने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. येत्या रविवारी त्याला घरी पाठव, म्हणाला, आपला कॉम्प्युटर दुखणाईत झालाय. हे खोटं नव्हतं. गल्लीतल्या वाचनालयाच्या पुस्तकांची सूची दादा एका जुन्या कॉम्प्युटरवर करत होता. नऊ हजार पुस्तकं झाली आणि ते यंत्र एकेका नावाला धापा टाकायला लागलं. त्याची मेमरी वाढवायला हवी, म्हणजे आत एक मेमरीची पट्टी आहे तिच्या शेजारी दुसरी बसवायची, एवढं दादाला कुणीतरी सांगितलं होतं. पण मी त्याला ओळखते. त्याला पट्टी बसवून घ्यायची नव्हती, माणूस तपासून घ्यायचा होता.

रविवारी सकाळी मी चहा घेऊन गेले तर ज्याला सगळे सीपीयू म्हणतात तो पत्र्याचा डबा उघडा, दादाच्या नाकावर चष्मा आणि हातात नेलपॉलिशची काडी. पंख्याला ठिपका, हार्ड डिस्कच्या पोटाशी ठिपका, वीज पुरवणाऱ्या सप्लायच्या स्क्रूला ठिपका. मेमरीची पट्टी त्याने बाहेर काढून ठेवली होती. हिरवी, बोटभर लांबीची, दोन्ही अंगांनी काळ्या चौकोनांनी भरलेली आणि खालच्या कडेला पिवळ्या धमक दातांची रांग. तिच्यावरचं स्टिकर वाचून ठेव, नंबर लिहून घे, असं मी सुचवलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू बेअरिंगं मीच चोरली होती. मग पट्टी उलटीसुलटी करून त्याने ठिपका दिला तो त्या पिवळ्या दातांवर. ती कड खाचेत जाते, म्हणजे बाहेरून कुणाला दिसायचा नाही, हे त्याने मोठ्या समाधानाने सांगितलं. ठिपका वाळल्यावर पट्टी खाचेत दाबून बसवली आणि डबा बंद केला. आता उघडायचाच आहे म्हणून चालू करून काही बघितला नाही.

कॉम्प्युटरवाला अकराला आला. दारात दादाचे तीन प्रश्न झाले, त्याने तिन्हींची उत्तरं दिली. बॅग खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून तो खाली जमिनीवरच बसला. दादा खुर्ची ओढून त्याच्या मागे हातभर अंतरावर. मी स्वयंपाकघराच्या दारात, आणि ठमी माझ्या मागे. तिचा श्वास मला मानेवर लागत होता.

त्याने नवी पट्टी जुनीच्या शेजारी बसवली, बटण दाबलं. पडदा काळा, आणि आतून लांब लांब पीं सुरू झालं. त्याने बंद केलं, नवी पट्टी काढली, नुसत्या जुनीवर चालवून बघितलं. पुन्हा पीं. जुनी पट्टी दुसऱ्या खाचेत घालून बघितली, तरी तेच. मग जुनी काढून नुसती नवी लावली, तर यंत्र निमूट चालू झालं.

"म्हणजे जुनी बिघडली," दादा म्हणाला. आवाज थंड होता. "काल संध्याकाळपर्यंत ठीक होती. नऊ वर्षं ठीक होती."

तो जुनी पट्टी घेऊन उजेडासाठी खिडकीपाशी गेला. तिथे ती डोळ्यांजवळ धरली आणि क्षणभर अगदी स्तब्ध उभा राहिला. मग त्याने एकदा वळून दादाकडे बघितलं, आणि परत खिडकीकडे तोंड केलं. आमच्याकडे पूर्ण पाठ. बॅगेची चेन वाजली, हात बॅगेत गेला, खांदा हलायला लागला. काय चाललंय ते काही दिसेना. माझ्या मनात पाल चुकचुकली, तर दादाच्या मनात काय झालं असेल? काय करताय, त्याने विचारलं. धूळ बसते हो, साफ करतोय, असं उत्तर आलं. मग येऊन त्याने ब्रशने खाच झाडली, दोन्ही पट्ट्या बसवल्या. पहिल्यांदा यंत्राने एकच मोजली. त्याने जुनी पुन्हा काढून नीट दाबली, टच् आवाज झाला, आणि या खेपेला दोन्ही मोजल्या गेल्या. दादाची सूची भराभर उघडली. मीच पट्टी नीट बसवली नव्हती, असं म्हणून त्याने स्वतःकडे चूक घेतली, पाणी प्यायला आणि गेला.

ठमी त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेली. मी झाडू घेतला. खिडकीच्या कट्ट्यावर खोडरबराचा चुरा पडला होता. पांढरा, आणि मधेमधे डाळिंबी लाल. मी तो केरात लोटला. तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

इकडे दादाने डबा उघडला होता. पंख्याचा ठिपका जागेवर, हार्ड डिस्कचा जागेवर, स्क्रूचा जागेवर. जुनी पट्टी काढून त्याने भिंग लावलं, एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने. मग ती टेबलावर ठेवून हात मांडीला पुसले.

"ठिपका नाही," तो म्हणाला. "माल बदलला."

मला तिथल्या तिथे सगळं कळलं. खूण करायला दादाने जी जागा शोधली होती तिथूनच वीज पट्टीत जाते, तिच्यावर रंग बसल्यावर यंत्र ओरडणार नाही तर काय करणार? त्या मुलाने ठिपका बघितला, कुणी आणि कशासाठी दिलाय ते ओळखलं, आणि म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच घरात तोंडघशी पाडायला नको म्हणून पाठ वळवून पुसून टाकला. हे सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी केराच्या सुपलीतला तो चुरा कागदाच्या पुडीत बांधला, पुडी ब्लाउजच्या कपाटात तळाशी सारली आणि मूग गिळून बसले. ठमी आता जाणार नाही. एवढा एकच विचार माझ्या डोक्यात होता, आणि मला बरं वाटत होतं, हे कबूल करते.

दादाने ठमीला काही आरडाओरडा न करता सांगितलं. पट्टीची किंमत चिल्लर आहे, पण पहिल्याच भेटीत ज्याचा हात असा चालतो त्याच्या घरी मी तुला कसा पाठवू? ठमी रडली नाही. तिने फोनवर त्याला विचारलं. मी पट्टी बदलली नाही, याउपर मला काही सांगता येत नाही, असं तो म्हणाला म्हणे. ते 'याउपर' दादाने दोनदा उच्चारून बघितलं. संध्याकाळी ठमी माझ्याजवळ येऊन बसली.

"आई, तू होतीस तिथे. तुला काय वाटतं?"

"मला काय कळतं त्या डब्यातलं," मी म्हटलं.

सोमवार गेला, मंगळवार गेला. यंत्र चांगलं धावत होतं, पण दादाने सूचीला हात लावला नाही. चोराच्या पट्टीवर काम करायचं नाही, असं त्याचं म्हणणं. बुधवारी दुपारी मी कपडे वाळत घालत होते आणि ठमी आतल्या खोलीत फोनवर बोलत होती. आवाज वेगळाच, चेपून काढलेला. तो नोकरीला होता त्या दुकानात फोन लावून ती गिऱ्हाईक असल्याचं सोंग करत होती. तो रविवारी दुपारनंतर दुकानात आला होता का, बरोबर काही जुना माल आणला होता का, कितीला निघाला, हे विचारत होती. मी दाराशी गेले. समोर वही उघडी होती. त्याने आजवर काय काय सांगितलं ते एका बाजूला, आणि ते खरं आहे का यासाठी कुणाला विचारायचं ते दुसऱ्या बाजूला.

माझ्या मुलीचे डोळे दादाच्या डोळ्यांसारखे बारीक झाले होते. दादाला ते कारखान्यात शिकावं लागलं, मला नवऱ्यामुळे शिकावं लागलं. तिला कुणी फसवलंच नव्हतं. तिला मी शिकवत होते, कपाटाच्या तळाशी पुडी ठेवून. रात्रभर मी कुशी बदलत राहिले.

गुरुवारी सकाळी मी पुडी दादासमोर ठेवली. कट्ट्यावर पडला होता, एवढंच बोलले. त्याने भिंग आणलं. मग उठून नेलपॉलिशची बाटली आणली, कॉम्प्युटरच्या एका निकामी कार्डाच्या पिवळ्या दातांवर ठिपका दिला, वाळू दिला, आणि ठमीच्या शाळेच्या जुन्या कंपासपेटीतल्या खोडरबराने पुसला. चुरा पडला. त्याने दोन्ही चुरे शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत राहिला. साहेबांच्या केबिनमधून तिसऱ्या दिवशी बाहेर आला तेव्हा कसा दिसत असेल, ते मला त्या सकाळी दिसलं.

कॉम्प्युटरवाल्याला त्याने स्वतः फोन करून बोलावलं. तो आला. दारात एकही प्रश्न झाला नाही, त्यामुळे तो बिचारा उंबऱ्यातच घुटमळला. ठमीही दवाखान्यात गेली नव्हती. दादाने त्याला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभा राहिला.

"ठिपका मी दिला होता," दादा म्हणाला. "तू चोर आहेस का ते बघायला. बिघाड त्यानेच झाला आणि आळ मी तुझ्यावर घेतला. माझं चुकलं. पण तू मला सांगितलं का नाहीस?"

त्याने ठमीकडे बघितलं. "हिच्यासमोर कसं सांगणार होतो, मामा? तुम्ही तिला वाढवलंय." मग म्हणाला, "आणि मला रागही आला होता. खूप. म्हणून नंतर फोनवर सांगितलं नाही. वाटलं, ओळखायचं असेल तर असंच ओळखा."

"राग यायलाच हवा," दादा म्हणाला. "माझ्या टेबलावर तीन दिवस कुणी जेवायला बसलं नव्हतं. मला कळायला हवं होतं." आणि त्याने ठमीला दोन माणसांचं पान वाढायला सांगितलं, एकाच टेबलावर, समोरासमोर.

ठमी हुंदका देऊन हसली. सगळं मार्गी लागलं असं वाटून मीही आत वळले, ताटं घ्यायला. तेवढ्यात दादाचा आवाज आला. मोठा नव्हता. नव्या पोस्टमनशी बोलतो तसा होता.

"तो चुरा तुझ्याकडे किती दिवस होता?"

साऱ्या जगाची झडती घेणाऱ्या या माणसाने बावीस वर्षांत एका माणसाला कधी काही विचारलं नव्हतं, आणि ते माणूस मी होते. खोटं बोलायला जागा होती. आजच झाडताना सापडला म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं?

"रविवारपासून," मी म्हटलं.

ठमीचं हसू थांबलं. दादाने मान हलवली, ठिपका जागेवर सापडल्यावर हलवायचा तशी, आणि जेवायला बसला. का, हे त्याने विचारलं नाही. ठमीने संध्याकाळी विचारलं. तू जाऊ नयेस म्हणून, मी म्हटलं, दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतंच. तिने माझा हात धरला, पण जरा उशिराने.

लग्न झालं. ती दोघं लांबच्या गावी गेली, दर रविवारी फोन येतो. दादाची सूची अकरा हजारांवर पोचली आहे आणि यंत्र धापा टाकत नाही. मागच्या महिन्यात जावई इकडे आला होता, त्याने पूर्ण डबा सफाईसाठी नेला तेव्हा दादाने आत कुठेही खूण केली नाही, मी मुद्दाम बघितलं.

परवा औषधाची बाटली वाचायला मी फळीवरचं भिंग घेतलं. मुठीच्या बुडाशी, सहज कुणाला दिसणार नाही अशा जागी, डाळिंबी रंगाचा बारीक ठिपका होता. मी बोटाने चाचपून बघितला, वाळलेला होता. वाचून झाल्यावर भिंग होतं तिथे ठेवलं. ठिपका मी पुसला नाही.